इंडिकेटरवरची गावं: तीन दिवस, ११५ रुपये

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तेहेतीस वर्षं कसारा लोकल पकडली, पण कसारा एकदाही पाहिलं नाही. खोपोलीचंही तेच. ऑफिस सुटलं की व्हीटीच्या इंडिकेटरवर कसारा, खोपोली, कर्जत यांपैकी काय लागलंय ते बघायचं, धावत डबा गाठायचा आणि ठाणं गेलं की दाराकडे सरकायला लागायचं. पुढचं गाव कसं दिसतं हे बघायची वेळच आली नाही. आमचं स्टेशन कोणतं ते इथे लिहीत नाही, कारण त्याच्याबद्दल थोडं वाईट बोलायचं आहे. ठाणे आणि कल्याण यांच्या मधलं आहे, एवढं पुरे.

खरं तर आम्हाला जायचं होतं कुडाळला, गणपतीला. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ पर्यंत ते १२० दिवस आधी उघडायचं). त्या सकाळी आठ वाजता मी लॅपटॉपवर, भाऊ मोबाइलवर आणि वहिनी आरक्षणाच्या रांगेत, अशी तीन ठिकाणी मोर्चेबांधणी केली होती. आठ वाजून दोन मिनिटांनी माझ्या स्क्रीनवर वेटिंग, तेही दोनशेच्या पुढचं. आणखी थोड्या वेळाने ‘रिग्रेट’, म्हणजे वेटिंगलासुद्धा जागा नाही. वहिनीच्या पुढे रांगेत फक्त दोन माणसं होती. त्यातल्या पहिल्याचा फॉर्म वाचून होईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मी चिडले होते, आबा नाही. ते कधीच रेल्वेवर चिडत नाहीत. तिकिटाचं नाही जमलं तेव्हा म्हणाले, “एसटीनं जाऊ. पण तोवर तुझी रजा आहे ना दोन-तीन दिवस? गाडी गावाला नेत नाही, तर लोकल जिथवर नेते तिथवर तरी जाऊन येऊ.”

म्हणून ही सहल. श्रावणातले शेवटचे दिवस, पाऊस अधूनमधून. तीन दिवस, तीन टोकं: कसारा, डहाणू, खोपोली.

पहिला दिवस, शुक्रवार: कसारा

मुंबईच्या लोकलचं टूरिस्ट तिकीट असतं, हे इथे जन्म काढलेल्या कित्येकांना माहीत नसतं. एक, तीन किंवा पाच दिवसांचं. मध्य, पश्चिम, हार्बर, उपनगरी हद्दीत कुठेही, कितीही वेळा फिरा. सेकंड क्लासचं तीन दिवसांचं ११५ रुपये. खिडकीवरच्या बाईंनाही ते माहीत नव्हतं.

“असं तिकीट नसतं.”

“असतं. तीन दिवसांचं.”

“पास काढा ना मग महिन्याचा.”

मागून रांगेने उसासा टाकला. बाईंनी शेजारच्या खिडकीतल्या वयस्कर गृहस्थांना विचारलं, त्यांनी उठून येऊन दोन-चार बटणं दाबली आणि म्हणाले, “आहे, पण कोणी घेत नाही.” मग माझ्याकडे बघून, “कुठून आलात?” आबा प्रामाणिकपणे सांगायला निघाले होते, “अहो आमी खंय टूरिस्ट…” मी त्यांच्या पायावर पाय दिला. मग सुट्या पैशांचा प्रश्न आला. दोन तिकिटांचे २३० होत होते, मी पाचशेची नोट दिली होती. सगळं धरून पंचवीस मिनिटं गेली आणि तेवढ्यात कसाऱ्याची एक गाडी निघून गेली. पुढची तासाच्या आसपास होती.

जाणाऱ्यांसाठी: खिडकीवर एका दमात “टूरिस्ट तिकीट, तीन दिवसांचं, सेकंड क्लास” असं म्हणा आणि नेमके पैसे हातात ठेवा. शक्य तर आदल्या दिवशी दुपारी, रांग कमी असताना काढून ठेवा. शेवटच्या दिवशी रात्री बारापर्यंत ते चालतं. एसी लोकलमध्ये ते चालत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, दुसऱ्या दिवशी लागेल.

फलाटावर तास काढायचा म्हणून आबांनी हिशोब मांडला. तीन दिवसांत आपण साधारण साडेपाचशे किलोमीटर फिरणार, म्हणजे किलोमीटरला वीस पैसे. “वीस पैशांत काय येतं सांग.” मी म्हटलं, “या फलाटावर तासभर बसायला मिळतं.” त्यांना विनोद आवडला नाही.

हे आमचं जुनंच भांडण आहे. आबांच्या लेखी तिकीट स्वस्त आहे म्हटल्यावर विषय संपला. पाच रुपयांत माणूस पुढच्या दोन-तीन स्टेशनांवर जातो, रिक्षावाला मीटर पाडायलासुद्धा त्याहून जास्त घेतो. मला ते मान्य आहे. पण माझा तास त्या वीस पैशांत कुणी धरलेला नाही. भाडं कमी आहे म्हणून इंडिकेटर चुकला तरी चालतं, पंखा बंद असला तरी चालतं, आणि कुणी बोललं की उत्तर तयार: एवढ्या पैशांत आणखी काय हवं?

कल्याण गेल्यावर डबा मोकळा झाला आणि आबांना खिडकी मिळाली. शहाड, आंबिवली, टिटवाळा. टिटवाळ्याला त्यांनी गणपतीच्या दिशेने हात जोडले. खडवलीनंतर दोन्ही बाजूंनी भातखाचरं, इतकी हिरवी की डोळे दुखावेत. वासिंद, आसनगाव. आणि आटगावच्या अलीकडे गाडी थांबली.

समोरच्या बाई पिशवीतून करटुली काढून निवडत होत्या. ठाण्यात एका शाळेत शिपाई आहेत, रजा टाकून लवकर परत निघालेल्या. रोज पहाटे पावणेपाचला घर सोडतात. आम्ही घड्याळ बघायला लागलो तशा हसल्या.

“एक्स्प्रेस काढतायत पुढे. मी मोजते रोज. काल तीन काढल्या. आज ही पहिली.”

कल्याणच्या पुढे कसाऱ्यापर्यंत दोनच रूळ आहेत, एक जायचा, एक यायचा. उत्तरेकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या आणि लोकल, सगळं त्यावरूनच. तिसऱ्या मार्गाचं काम चालू आहे, खिडकीतून मातीचे भराव दिसतात. तोवर लोकलने बाजूला उभं राहायचं. बाई म्हणाल्या, “पासाला कुणी नावं ठेवत नाही हो. उशीर झाला की मस्टरवर लाल रेघ येते, तिचे पैसे पासात धरलेले नसतात.” मी आबांकडे बघितलं. ते बाहेर बघत होते. दोन एक्स्प्रेस गेल्यावर आमची गाडी हलली. उतरताना बाईंनी मला मूठभर करटुली दिली, पैसे घेतले नाहीत.

कसाऱ्याला उतरलो तेव्हा धुकं फलाटापर्यंत आलं होतं. आबा पिवळ्या पाटीखाली जाऊन उभे राहिले आणि मला फोटो काढायला लावला. तेहेतीस वर्षं हे नाव फक्त इंडिकेटरवर वाचलं होतं. पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंचीही लिहिलेली असते, तीही त्यांनी मोठ्याने वाचली.

इथून पुढे थळ घाट. सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा चढ. म्हणून नाशिककडे जाणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. पुढचं ओढतं, मागची ढकलतात. आम्ही पाऊण तास हेच बघत बसलो. इंजिन हळूहळू मागे येतं, रूळांवरचा माणूस हात करतो, ठक्क असा आवाज होतो आणि सगळी गाडी एकदा शहारते. आबा लहान मुलासारखे खूश झाले होते. स्टेशनाबाहेर वडापाव गरम मिळाला, पावाला लावलेली लसणाची चटणी झणझणीत होती. एक आदिवासी मुलगी तिखट-मीठ लावलेल्या काकड्या विकत होती, त्या मात्र वड्यापेक्षा सरस.

परतीची गाडी रिकामी होती. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दारांत माणसं लोंबकळत होती.

दुसरा दिवस, शनिवार: डहाणू

सकाळी दादरकडे निघालो. दिवा गेलं की मुंब्र्याच्या अलीकडे रूळ वळतात. ९ जून २०२५ च्या सकाळी याच वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली होती, काही जण गेले. त्या वळणावर आमच्या डब्यातले दारातले लोक किंचित आत सरकले. कुणी काही बोललं नाही. वळण संपल्यावर पुन्हा जागच्या जागी.

दादरचा पूल, मग विरार, मग डहाणूची लोकल. हे सगळं थोडक्यात सांगते, कारण त्यात काही सांगण्यासारखं नाही. फक्त एक: विरारच्या पुढे डहाणूच्या लोकल मोजक्या आहेत. वेळ बघूनच घरातून निघा, नाहीतर विरारच्या फलाटावरच सहल होईल.

विरार ते डहाणू हा टप्पा लोकलला मिळाला तो १६ एप्रिल २०१३ रोजी. तारीख आबांना पाठ आहे, कारण १८५३ साली त्याच तारखेला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली होती. चौदा डबे, चारशे पाहुणे आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. “त्या चारशे माणसांना बसायला जागा मिळाली,” आबा म्हणाले, “त्यानंतर कुणाला मिळाली नाही.” रेल्वेची थट्टा त्यांनी स्वतः केलेली चालते.

वैतरणेच्या खाडीवरचे पूल ओलांडताना सगळा डबा दारांकडे बघतो, रोजचे लोकसुद्धा. भरतीचं पाणी, त्यावर पाऊस, आणि दूर एक होडी. सफाळ्याला भाजीच्या टोपल्या रिकाम्या करून परतणाऱ्या बायका उतरल्या. पालघरला चढलेला एक मुलगा आमच्या शेजारी बसला. बोईसरला तारापूरच्या एमआयडीसीत कामाला आहे. त्याने पास दाखवला आणि म्हणाला, “काका, हा रोजचा चहा सोडला तर फुकटच आहे. पण माझी शिफ्ट सुटते आणि गाडी दहा मिनिटं आधी गेलेली असते. त्यानंतर तासाहून जास्त काही नाही. कुणीतरी एकदा आमच्या शिफ्टच्या वेळा विचारायला हव्या होत्या की नको?” आबांनी त्याला विचारलं, “अर्ज केलात?” तो म्हणाला, “दोनदा.” यापुढे आबांना काही सुचलं नाही.

डहाणूला पाऊस धरून होता. शेअर रिक्षाने समुद्रावर गेलो. सुरूची झाडं वाऱ्याने वाकलेली, किनाऱ्यावर आमच्याशिवाय एक कुत्रा. भिजून कुडकुडत एका खाणावळीत शिरलो आणि तिथे खरी शोकांतिका घडली. आतून बोंबील तळल्याचा वास येत होता आणि आबा श्रावण पाळतात. मालवणी माणूस, समोर समुद्र, आणि पानात वालाचं बिरडं. मी श्रावण पाळत नाही, पण त्यांच्यासमोर बोंबील मागवायची हिंमत झाली नाही. खाणावळवाल्या काकूंना बहुतेक दया आली, त्यांनी तांदळाच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. बिरडं फार छान होतं. दोघांनीही ते कबूल केलं आणि दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

जाणाऱ्यांसाठी: डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, पण श्रावणात ताज्या चिकूच्या भरवशावर जाऊ नका. वाळवलेले चिकू आणि चिकूची मिठाई मात्र मिळते. श्रावण संपल्यावर जा, एवढंच सांगेन.

आता परतीचा प्रसंग. स्टेशनाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुष्कळ फलाटांचं मोठं स्टेशन होतं. इंडिकेटरवर साधी जलद लोकल लागली होती. गाडी यायला दोन मिनिटं असताना घोषणा झाली की ती दुसऱ्या फलाटावर येईल. सगळा फलाट पुलाकडे धावला. पाऊस, छत्र्या, ओल्या पायऱ्या, आणि एकाहत्तर वर्षांच्या आबांचा हात धरून मी. खाली उतरलो तर गाडी उभी होती आणि लोक आत घुसत होते. त्या लोंढ्याने आम्हालाही आत घातलं. ती एसी लोकल होती.

खोटं कशाला बोलू, चढताना मला ते कळलं होतं. वाटलं, पुढच्या स्टेशनावर उतरू. पण दारं आपोआप बंद झाली, गाडी जलद होती, पुढचं स्टेशन बरंच लांब. आबा म्हणाले, “थंडगार आहे गो.” त्यांना वाटलं, नवीन साधी गाडी असेल. टीसी दिसल्याबरोबर आमच्याबरोबर चढलेले सराईत लोक गप्पा मारत मारत पुढच्या डब्यात गेले. आबांनी मात्र न विचारताच खिशातून टूरिस्ट तिकीट काढून पुढे केलं.

टीसी तरुण होता, लातूरकडचा. बोलणं मऊ. त्याने तिकीट उलटसुलट बघितलं.

“आजोबा, हे इथं चालत नाही. एसीचं वेगळं असतंय.”

“पण सगळीकडे चालतं म्हणाले खिडकीवर.”

“साध्या गाडीत सगळीकडं.”

मी फलाट बदलल्याचं सांगितलं. त्याने मान हलवली, त्याला ते नवीन नव्हतं. म्हणाला, “ताई, मला पटतंय. पण अख्खा डबा बघतोय.” खरंच बघत होता. समोरचे एक गृहस्थ इंग्रजी वर्तमानपत्राआडून म्हणाले की आम्ही पाच-सहा पट पैसे मोजून बसतो, फुकट्यांनी जागा अडवायची. त्यांचंही चुकत होतं असं नाही. ५ मे २०२२ पासून एसीचं एकेरी भाडं निम्म्यावर आलं, पासाचं नाही. त्यामुळे रोज पास काढणारा माणूस अशा घुसखोरांवर तापलेला असतो. गाडीही गच्च भरलेली होती. तेच रूळ, तीच गर्दी, फक्त गार.

दंड प्रत्येकी २५० रुपये, वर भाडं, असं दोघांचं. आमच्या दोन टूरिस्ट तिकिटांच्या जवळजवळ तिप्पट.

आबा पावती बघत म्हणाले, “माका दंड?” आणि मग बराच वेळ काही नाही. तेहेतीस वर्षांत पास संपल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी कधी गाडी पकडली नाही. २६ जुलै २००५ च्या पुरात कुर्ल्याहून रूळांवरून चालत घरी आले, तेव्हासुद्धा खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पास होता. आई म्हणाली होती, पाण्यात कोण बघणार होतं पास?

टीसी उतरण्याआधी परत आला आणि म्हणाला, “आजोबा, राग नका मानू.” आबा म्हणाले, “तुमचा नाही.” मग कुणाचा, ते त्यांनी सांगितलं नाही.

तिसरा दिवस, रविवार: खोपोली

रविवार म्हणजे रूळांच्या दुरुस्तीचा मेगाब्लॉक. हे माहीत असूनही आम्ही रविवारी निघालो, कारण तिकीट रविवारी रात्री संपणार होतं. सकाळी निघायला उशीर झाला आणि ब्लॉकच्या तोंडावर सापडलो. धीम्या गाड्या जलद मार्गावर, काही रद्द, बाकीच्या उशिरा. घोषणा करणारी बाई गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करत होती, दर तीन मिनिटांनी, त्याच सुरात. पन्नास मिनिटं बसलो. आबांनी आज हिशोब मांडला नाही.

फलाटावर गणपतीच्या गप्पा चालल्या होत्या. शेजारच्या बाकावर सावंतवाडीचं एक कुटुंब. त्यांचं वेटिंग होतं, ‘होईल कन्फर्म’ या आशेवर. आजी म्हणाल्या, आधी वयाची सवलत होती तेव्हा दोघं मिळून वर्षातून तीनदा गावाला जायचो. मार्च २०२० पर्यंत पुरुषांना साठीनंतर ४० टक्के आणि बायकांना अठ्ठावन्नीनंतर ५० टक्के सूट मिळायची. ती कोरोनात थांबली ती थांबलीच. “आता एकदाच जातो,” आजी म्हणाल्या, “आणि तेही तिकीट मिळालं तर.”

जाणाऱ्यांसाठी, म्हणजे कोकणात: तात्काळचं बुकिंग आदल्या दिवशी, एसीचं सकाळी दहाला आणि बाकीचं अकराला उघडतं. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तात्काळला खातं आधारशी जोडलेलं लागतं, ते काम आधीच करून ठेवा. ऐन अकराला ओटीपीची वाट बघत बसलात तर संपलं. आणि लोकलचं तिकीट अ‍ॅपवर काढत असाल तर स्टेशनात शिरायच्या आधी काढा. फलाटावर, रूळांच्या जवळ आलं की ते काढू देत नाही.

खोपोलीला का जायचं होतं, ते आता सांगते. आबांच्या संध्याकाळच्या गाडीत एक गृहस्थ होते. खोपोलीला राहायचे, त्यामुळे त्यांना शेवटपर्यंत जायचं असायचं आणि खिडकी त्यांची ठरलेली. पहिली काही वर्षं त्यांनी आबांना चौथी सीट दिली, म्हणजे तिघांच्या बाकड्यावर अर्धं बूड टेकवायची जागा. मग हळूहळू तिसरी. एकोणीस वर्षं एकत्र प्रवास. माझ्या बारावीचे पेढे त्यांनी खाल्लेले, त्यांच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आबांच्या हातात आलेली. आबांना त्यांना भेटायचं होतं.

कर्जतला गाडी बदलली. कर्जतच्या फलाटावरचा वडा खाल्ल्याशिवाय पुढे जायचं नसतं, तो खाल्ला. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी छोटी छोटी स्टेशनं, एकेरी रूळ, डोंगरावरून उतरणारे पांढरे ओहोळ. एका ठिकाणी तर धबधब्याचे तुषार डब्यात आले. खोपोलीला उतरलो तेव्हा डोंगरावरून खाली येणारे विजेच्या प्रकल्पाचे जाडजूड पाइप दिसले. १९१५ पासून इथली वीज मुंबईच्या गिरण्यांना जायची, हे आबांनी सांगितलं.

स्टेशनाबाहेर चहाची टपरी होती. आबांनी चहा घेतला आणि विचारलं, “इथे एक गृहस्थ राहतात, व्हीटीला कामाला होते, सहाच्या सुमाराच्या गाडीने यायचे.”

“नाव काय त्यांचं?”

आबा थांबले. मी त्यांच्याकडे बघत होते.

“आम्ही त्यांना खोपोलीवाले म्हणायचो,” आबा म्हणाले.

चहावाला जोरात हसला. मग आबांचा चेहरा बघून थांबला. “काका, इथे सगळेच खोपोलीवाले.”

लग्नाची पत्रिका आली होती, तिच्यावर नाव असणारच. पण ती घरी कुठल्या तरी पिशवीत, आणि लग्न होऊन वीस वर्षं झालेली. आबांना आठवत होतं ते एवढंच: उंच, टक्कल, डाव्या हाताने लिहायचे, शब्दकोडं सोडवायचे, डब्यात नेहमी मेथीचा ठेपला. चहावाल्याने मनावर घेतलं. त्याने दोन रिक्षावाल्यांना विचारलं, एक पेपरवाला बोलावला. पेपरवाला म्हणाला, शब्दकोडं सोडवणारे दोघं आहेत, एकाचं टक्कल आहे. आम्ही त्या पत्त्यावर गेलो. टक्कल होतं, पण ते आयुष्यभर पुण्याला नोकरीला होते. त्यांनी आत बोलावलं, चहा दिला आणि आबांबरोबर तासभर गाड्यांवर बोलत बसले. पूर्वी थर्ड क्लास होता, १९७४ साली तो बंद करून सेकंड केला, तेव्हा नाव बदललं, बाकडी तीच, हे त्यांनी सांगितलं आणि दोघं पोट धरून हसले. निघताना आबांनी त्यांचं नाव, फोन नंबर, सगळं डायरीत लिहून घेतलं. या खेपेला.

उशीर झाला होता. खोपोलीहून गाडी उशिरा सुटली, कर्जतला पोचलो तेव्हा मुंबईकडची लोकल आमच्या डोळ्यांदेखत गेली. ब्लॉकनंतर गाड्यांची गडबड अजून निस्तरायची होती. पुढच्या गाडीत बसलो तेव्हा अकरा वाजत आले होते. डब्यात आम्ही, झोपलेले दोन वेटर आणि एक पोलीस. बदलापूर सोडल्यावर आबांनी घड्याळ बघायला सुरुवात केली.

“बारापर्यंतच चालतं ना ते तिकीट?”

“हो. पण आता कोण बघतंय आबा.”

गाडी कल्याणच्या बाहेर सिग्नलला उभी राहिली. अकरा पन्नास. अकरा पंचावन्न. आबांनी तिकीट हातात धरलं होतं. बारा वाजले तेव्हा आम्ही कल्याणच्या फलाटावर होतो, आणि आमच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा बारा वाजून बारा मिनिटं झाली होती. फलाटावर टीसी नव्हता. आबांनी दोन्ही बाजूंना बघितलं, टीसी नाही याची खात्री करायला नव्हे, तर असेल तर त्याला सांगायला.

मग ते सरळ तिकीट खिडकीकडे गेले.

“आबा, कुठे?”

“कल्याण ते इथवरचं तिकीट काढतो.”

“आपण आलो ना आता! उतरलो!”

“बारानंतर आलो.”

खिडकीच्या आत दिवा चालू होता, खुर्ची रिकामी, काचेला आतून कागद लावलेला: ‘पाच मिनिटांत’. दहा मिनिटं वाट बघितली. मग ते मशीनकडे वळले. माझं स्मार्ट कार्ड लावलं, कल्याण निवडायला गेले तर स्क्रीनवर आलं की प्रिंटरचा कागद संपला आहे. शेजारचं मशीन बंद होतं. एका बाकड्यावर झोपलेला माणूस उठून म्हणाला, काका, सकाळी या.

आबांनी टूरिस्ट तिकीट आणि कालची दंडाची पावती दोन्ही खिशात नीट घडी करून ठेवलं आणि म्हणाले, “बघ, मी उभा होतो इथे. तू साक्षीदार.”

एस्कलेटर बंद होता. आम्ही पायऱ्या चढायला लागलो.